चित्राखालचें नांव

छायाचित्रें काढण्याचा छंद आम्हांस फार दिवसांपासून आहे. घरच्या मंडळींच्या मतें तें व्यसनच. कारण त्यापायीं किती पैसा गेला याचा हिशेब आम्हीं कधीं ठेवला नाहीं. ठेवला तो साधलेल्या चित्रांचा. परंतु त्या हिशेबांतलें एक चित्र असें आहे कीं, तें पाहिलें म्हणजे आजहि आमची मान खालीं जाते.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या गांवीं स्त्रियांच्या कर्तृत्वाचा गौरव करणारें छायाचित्रांचें प्रदर्शन भरावयाचें होतें. विषयासाठीं आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. आमच्या आळीच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते. तरुणपणींच नवरा गेला. पदरीं दोन मुलें. पहाटे माल उचलावा, दिवसभर विकावा आणि रात्रीं वहींत हिशेब लिहावा, या क्रमानें तिनें मुलांचीं शिक्षणें पुरीं केलीं. बाजारांतल्या बायकांची भिशीहि तीच चालवी, आणि तींत एका पैचा घोळ झाल्याचें कोणीं कधीं ऐकलें नाहीं.

फोटोचें नांव काढतांच ती खुलली. "थांबा हं भाऊ, तागडी पुढें घेते आणि वही हातांत धरते," ती म्हणाली. आम्हीं तिला अडविलें. आमच्या मनांतलें चित्र आधींच ठरून गेलें होतें. पहाटेचा तिरपा प्रकाश, डोक्यावर भाजीची पाटी, वांकलेली मान, धुक्यांत विरणारी वाट! तिनें निमूटपणें पाटी डोक्यावर घेतली. चित्र उत्तम साधलें, त्याला बक्षीसहि मिळालें. खालीं आम्हीं नांव घातलें होतें, 'कष्टमूर्ति'.

प्रत घेऊन आम्ही मोठ्या ऐटींत तिच्याकडे गेलों. तिनें हात पदराला पुसले, चित्र उजेडाकडे धरलें, आणि बऱ्याच वेळानें विचारलें, "भाऊ, ह्यांत मी कुठली?"

प्रश्न साधा होता. चेहरा सावलींत बुडाला होता. वही नव्हती, तागडी नव्हती, नांव नव्हतें. तिच्या जागीं दुसरी कोणतीहि बाई उभी केली असती, तरी चित्राचें कांहीं बिघडलें नसतें. तिच्या गौरवासाठीं काढलेल्या चित्रांत तेवढी तिलाच जागा उरली नव्हती!

ही टोचणी मनांत असतांनाच होमाई व्यारावाला यांचीं छायाचित्रें आमच्या पाहण्यांत आलीं. भारतांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांचें नांव आदरानें घेतलें जातें. १९१३ सालीं नवसारी येथें एका पारशी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. कलेचें शिक्षण मुंबईस, जे. जे. कलाशाळेंत. कॅमेऱ्याची विद्या मिळाली ती माणेकशा व्यारावाला यांच्याकडून. पुढें तेच त्यांचे पति झाले. आरंभीं होमाईबाईंनीं काढलेलीं चित्रें छापून येत, तीं मात्र पतीच्या नांवानें. बाईच्या हातचें काम म्हणून त्यांस मान मिळावा, असा तो काळ नव्हता. १९४२ सालीं त्या दिल्लीस गेल्या. साडी नेसून, जड सामान घेऊन, सायकलीवरून त्या राजधानीभर हिंडल्या. १९४७ सालचें सत्तांतर त्यांच्या कॅमेऱ्यानें टिपलें. पद्मविभूषण मिळालें तें २०११ सालीं, वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षीं. पुढच्याच वर्षीं बडोद्यास त्या निवर्तल्या.

थोरामोठ्यांचीं त्यांनीं काढलेलीं चित्रें प्रसिद्ध आहेत. परंतु आमचें मन गुंतलें तें त्यांच्या मुंबईच्या जुन्या चित्रांत. त्यांत कलाशाळेंतल्या मुली आहेत, सहलीस निघालेल्या बायका आहेत. त्यांतल्या कोणालाहि मूर्ति करून ठेवण्याचा हव्यास तेथें दिसत नाहीं. आपल्या सोबतिणीकडे पाहावें, तशा सहजपणें त्यांकडे पाहिलें आहे. स्वतःचें नांव चित्राखालून गळल्याचा अनुभव घेतलेल्या स्त्रीची ती नजर आहे, हें ध्यानीं आलें आणि आम्ही ओशाळलों.

होमाईबाई ज्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यानें काम करीत, तो सहसा डोळ्याला लावीत नाहींत. छातीपोटाशीं धरून, मान लववून, वरच्या कांचेंत पाहावयाचें असतें. समोरच्या माणसापुढें थोडें नमावें, तेव्हां चित्र निघावयाचें! आमचा कॅमेरा डोळ्याला लागतो. नमण्याची संवय त्यानें आम्हांस लाविली नाहीं.

एका रसिक मित्रापाशीं आम्हीं हें बोलून दाखविलें. ते म्हणाले, "कलावंताला एवढेंहि स्वातंत्र्य नको काय?" स्वातंत्र्य हवेंच. पण गौरव करावयास निघालेल्यानें, ज्याचा गौरव करावयाचा त्याला आपला कोणता गुण मोलाचा वाटतो, एवढें तरी विचारावें. कष्ट सर्वांसच दिसतात. त्या बाईला अभिमान होता तो चोख हिशेबाचा, आणि आम्हीं तिच्या हातांत नेमकी तीच वही येऊं दिली नव्हती.

अखेर एके दुपारीं आम्ही पुन्हां कोपऱ्यावर गेलों व म्हणालों, "बाई, आतां तुमच्या मनासारखा फोटो काढूं." ती म्हणाली, "मग एकटीचा कशाला?" तिनें भिशींतल्या चौघीजणींना हांक मारली. तागडी पुढें आली, वही उघडली गेली, आणि पांचहि जणी कॅमेऱ्याकडे रोखून पाहत बसल्या. ऊन डोक्यावर होतें. एकीचे डोळे मिटले गेले. मागें कोणाची तरी सायकल आली. परीक्षकांनीं तें चित्र हातांतहि धरलें नसतें. त्याखालीं पांचांचीं नांवें आम्हीं लिहिलीं, आणि तिनें तीं बोट ठेवून एकेक वाचून पाहिलीं. तीं येथें देत नाहीं. कारण तीं चित्रासाठीं मागून घेतलीं होतीं, लेखासाठीं नव्हेत.

तें चित्र तिच्या खोलींत देवांच्या तसबिरींशेजारीं टांगलेलें आहे. पहिल्या चित्राचें तिनें काय केलें, हें आम्हीं अद्याप विचारलेलें नाहीं.