गुबगुबीत अक्षरं

आमच्या गावच्या पेंटरकडे दोन तऱ्हेची अक्षरं असत. दवाखान्याच्या पाटीला सरळ, शिस्तीची. रसवंतीगृहाला फुगीर, पोट सुटलेली. या दुसऱ्या अक्षरांवरून तो शेवटी अर्धवट वाळलेला ब्रश फिरवायचा. रंगाच्या रेघा तुटक उमटायच्या आणि अक्षर उसाच्या सालीसारखं खरखरीत दिसायचं. वाचता येण्याआधीपासून मला ती अक्षरं आवडत.

पुढे वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींचा नाद लागला. त्यातली अक्षरं रेखाटणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) नाटकाचं नाव असं काढत, की नाटक हसवणार की रडवणार हे प्रयोगाची वेळ बघण्याआधीच कळावं. पण ती अक्षरं त्या एका नावापुरती. त्यातला ‘ग’ दुसऱ्या नाटकाला उसना देता येत नसे. फॉन्टमधल्या ‘ग’ला मात्र कुठल्याही मात्रेशी, कुठल्याही जोडाक्षरात नांदावं लागतं.

हे डीटीपीच्या धंद्यात शिरल्यावर नीट कळलं. गिऱ्हाइकाला ‘जरा मजेशीर’ अक्षर हवं असलं की सगळे एकच करायचे : कोरल ड्रॉमध्ये नेहमीच्या फॉन्टला जाड आउटलाइन. ‘ग’, ‘त’ निभावून जात. ‘क्ष’, ‘श्र’, ‘ष्ट’ यांच्या पोकळ्या बुजून नुसते डाग उरत. रोमन ‘ओ’ला चारी बाजूंनी फुगायला जागा असते. आपल्याकडे वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, खाली उकार, फुगायचं कुठे?

फॉन्ट घडवणाऱ्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट पाहिला आणि उत्तर मिळालं. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी त्यातल्या देवनागरीत पोकळी मोकळी ठेवण्याचा हट्टच सोडलाय. पोकळीची झाली बारीक फट. अक्षरं आणि मात्रा एकमेकांना खेटलेली. डोळा काळं वाचतच नाही, मधली पांढरी रेघ वाचतो! आउटलाइनने अक्षर फक्त सुजायचं; इथे प्रत्येक फट कुणीतरी विचार करून राखली आहे.

मात्र हा फॉन्ट मोठ्या आकाराचाच. ‘बाप्पा मोरया’च्या फ्लेक्सवर, मिठाईच्या खोक्यावर, बालनाट्याच्या पोस्टरवर तो शोभतो. बारीक करून वर्तमानपत्री कागदावर छापलात तर शाई पसरते, फटी मिटतात. आणि जागा बघावी ना! आमच्या चौकात मी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ याच फॉन्टमध्ये पाहिली आहे. फोटोतले गृहस्थ गंभीर, खालची अक्षरं खिदळतायत.

तेव्हा गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती : मोठ्या नावाला, फार तर तीन-चार शब्दांना मोदक वापरा. खालचा कार्यक्रम, वेळ, पत्ता त्याच मंडळींच्या ‘मुक्त’मध्ये लावा. दोन्ही फॉन्ट फुकट मिळतात.