प्लँटला माल द्यायचा म्हणजे

सोयाबीनच्या राशी चालू झाल्यात, म्हणून कंपनीचं लिहितो. 10 शेतकरी जमले की उत्पादक कंपनी नोंदवता येते, कागदं सीए करून देतो. त्यात काही अवघड नाही.

खरी परीक्षा तेलाच्या प्लँटच्या गेटवर. आमचा प्लँट 10 टक्के ओलावा अन् 2 टक्के माती-काडी धरतो, वर गेलं की कटती. म्हणून चाळणी गावातच मारायची. मातीला गाडीभाडं कशाला भरायचं?

अन् पैसा 15 दिवसांनी. आडत्या त्याच दिवशी मोजतो (त्याला शिव्या देणं सोपंय, पण नड तोच भागवतो). एका काकूंच्या पोराची क्लासची फी आठ दिवसांत भरायचीय. त्या थांबायला तयार होत्या, मीच म्हणलं, यंदा आडतीवर घाला.

बाकीच्यांना मापाच्या दिवशीच 70 टक्के द्यायचे ठरलंय. 200 क्विंटलची एक गाडी, भाव 4,000 धरला तर 8 लाखांचा माल. म्हणजे हातात 5 लाख 60 हजार पाहिजेत. शेअरचे जमलेत 3 लाख.

शनिवारी रात्री 8 ला देवळात बसू. सभासदांनी पासबुक घेऊन या.