माझा जादूचा गडवा

गेल्या विज्ञान दिनी, म्हणजे २८ फेब्रुवारीला, मी तुम्हांला 'न आटणारा गडवा' दाखविला होता. गडवा बादलीत रिकामा केला, टेबलावर ठेवला, पुन्हा उपडा केला, तर पुन्हा पाणी! असे चार वेळा. टाळ्या काय वाजल्या! प्रसिद्ध जादूगार पी. सी. सरकार (१९१३-१९७१) आपल्या कार्यक्रमात मधूनमधून असाच लोटा रिकामा करीत आणि त्याला 'वॉटर ऑफ इंडिया' म्हणत. मला तर आपणच सरकार झालो असे वाटू लागले.

तेवढ्यात चौथीतली एक मुलगी उठली. "गुरुजी, थो गडवा मले पाहू द्या."

मी घाईने म्हणालो, "हात नको लावू. जादू पळून जाईल."

ती बसली. पण पहिलीतल्या एका पोराने हळूच विचारले, "गुरुजी, तुमाले मंतर येते का?" आणि त्याच्या शेजारचा चक्क मागे सरकला.

ते मागे सरकणे मला फार लागले. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावी, ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना बांधून मारले. कायदा २०१३ पासून आहे, तरीही. अमक्याला मंतर येतो, एवढे वाटले की पुरते. आणि मी गुरुजी असून, चार टाळ्यांसाठी, तेच पोरांच्या डोक्यात घातले!

लहानपणी मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत मी एक जादूगार पाहिला होता. तीन वाट्या, चिंधीच्या गोळ्या. "तपासा, मालक!" म्हणून त्याने वाट्या बाबांच्या हाती दिल्या. बाबांनी ठोकून पाहिल्या, साध्या वाट्या. सगळी करामत त्याच्या बोटांत.

म्हणून काय जादूगाराने प्रत्येक वस्तू तपासू द्यावी? नाही बुवा. तिकीट काढणारा गंमत म्हणून फसायलाच येतो, आणि त्या बिचाऱ्याचे पोट त्यावर आहे. पण 'हे खरेच आहे, विश्वास ठेव, पैसे ठेव' असे जो म्हणतो, त्याची वस्तू तपासल्याशिवाय सोडू नये. मी खेळ जादूगाराचा केला आणि उत्तर मात्र बुवाचे दिले.

दुसऱ्या दिवशी गडवा त्या मुलीच्या हाती दिला. तिने आत हात घातला, उलटा केला, हलविला. आतून डुबुक आवाज आला. मग काठाजवळचे बारीक भोक तिच्या बोटाला लागले.

गडव्याला दोन भिंती आहेत. मधल्या पोकळीत पाणी लपते. तळाशी आतल्या बाजूला दुसरे भोक आहे. काठाचे भोक बोटाने दाबले की पोकळीत हवा शिरत नाही, म्हणून गडवा उपडा केला तरी लपलेले पाणी बाहेर येत नाही. सरळ ठेवून बोट उचलले की हवा शिरते आणि पाणी तळाच्या भोकातून गडव्यात उतरते. बस्स, एवढेच!

"मंतर नाई जी, भोक हाये!" ती पहिलीतल्या त्या पोराला ओरडून म्हणाली. त्यानेही बोट लावून पाहिले.

या शाळेत तो प्रयोग आता कायमचा संपला. गडवा चौथीच्या कपाटात आहे, पाहिजे त्याने मागावा. मी सध्या वाट्यांचा खेळ शिकतो आहे. गोळी अजून हातातून खाली पडते.