रोजची भाकर

माझे आजोबा अहमदनगरहून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला आले. घरात हिंदी शिरली. शुभवर्तमान मात्र मराठीतच राहिलं. आईची नजर अधू झाल्यापासून रोज सकाळी मी तिला एक उतारा वाचून दाखवते, आणि त्यावर चार ओळींचं मनन लिहिते.

परवा मत्तयाचा सहावा अध्याय होता, प्रभूची प्रार्थना. 'रोजची' या शब्दापाशी मी अडले. मूळ ग्रीक शब्द 'एपिऊसिओस' नव्या करारात या प्रार्थनेखेरीज कुठेच येत नाही. कुणी त्याचा अर्थ 'आजची' लावतात, कुणी 'गरजेपुरती', कुणी 'उद्याची'. जेरोमनं तोच शब्द लॅटिनमध्ये आणताना मत्तयात एक प्रतिशब्द योजला, लूकमध्ये दुसरा.

संध्याकाळी आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता. मला 'उद्याची'च हवी होती. मननात तेच लिहिलं, तिला ऐकवलं.

"त्याच्या आधीचा शब्द वाच," आई म्हणाली.

"आमची."

"'माझी' नाही ना? शेजारच्या भाभी कालपासून दवाखान्यात आहेत. पोरांनी काही खाल्लंय का, बघून ये."

मी वही मिटली आणि कणीक मळायला घेतली. आमच्याकडे भाकर म्हणजे गव्हाची पोळीच.