आत्ताचीच आहे

स्टीलच्या कपाटात साड्यांखाली एक रिपोर्ट अजून पडून आहे. ‘जंत, अंडी, सिस्ट : निल.’ त्या ‘निल’नं माझे तीन महिने खाल्ले.

दुखणं दिवाळीपासूनचं. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, कुजकट ढेकरा, दिवसातून चार-पाच वेळा धाव. आमच्याकडे गॅस कोणाला नाही? आधी ओवा झाला, मग मेडिकलवाल्याची गोळी, मग टायफॉईड म्हणून सलाईन. 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मुलाला शाळेत अल्बेंडाझोल मिळाली, तसलीच एक मी विकत आणून चघळली. फरक नाही. वजन सात किलोनं उतरलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “नजर लागली वं तुले कोणाची तरी.” शेवटी चिखलीच्या एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर संडासची तपासणी लिहिली.

आता तो दिवस सांगते. पहाटे पाचला, सगळे झोपेत असताना डबी भरली. ती पिशवीत गुंडाळली, पिशवी जुन्या डब्यात घातली. साडेसातची एसटी धरली. शेजारच्या बाईनं विचारलंच, “काय आणलं वं डब्यात?” मी म्हटलं, “चटणी.” तिनं हसून मान डोलावली, आणि मला वाटलं, आता ही चव मागते की काय!

लॅब उघडली साडेनऊला. काउंटरवरच्या पोरानं डबी घेतली, विचारलं, “किती वाजताची?” पाचची म्हटलं तर परत पाठवेल, उद्या पुन्हा हेच सोंग. मी म्हटलं, “आत्ताचीच आहे.” त्यानं डबी खिडकीत ठेवली, चहाच्या ग्लासाशेजारी. मी बाकावर बसून बघत होते. रक्ताच्या बाटल्या आल्या, आत गेल्या. शुगरवाले आले, गेले. खिडकीत ऊन आलं. बारा वाजले तरी माझी डबी तिथंच! रक्ताला मान आहे हो, लघवीलाही थोडा आहे, हिला नाही. साडेबारानंतर ती आत गेली आणि मी पाणी पिऊन येईस्तोवर रिपोर्ट छापून तयार. डॉक्टर म्हणाले, “बघा, काही नाही. टेन्शन घेता तुम्ही.” मग तीन महिने टेन्शनच्या गोळ्या. नवरा चारचौघांत सांगायचा, हिच्या डोक्यात आहे.

बुलढाण्याला नणंदेकडे गेले तेव्हा तिनं दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. तिथल्या बाईंनी डबी नाकारली. म्हणाल्या, “घरून आणूच नका. इथं संडास आहे, इथंच द्या. पातळ असली तर अर्ध्या तासात बघावी लागते, नाहीतर जिवंत असलेले जंतू मरून विरघळून जातात. आणि एकदा नाही दिसलं म्हणजे नाही असं नसतं. दहा दिवसांत तीनदा, एकाआड एक दिवस द्यायची. ते रोज बाहेर पडत नाहीत.”

दुसऱ्या खेपेला त्यांनी मला आत बोलावलं. काचेवर एका बाजूला मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या बाजूला आयोडीनचा. भिंगातून बघितलं. पिवळट कचऱ्यात पेरूच्या बीएवढंसं काहीतरी, एका टोकाला निमुळतं, कडुलिंबाचं पान वाऱ्यावर गळावं तसं हेलकावे खात चाललेलं. जिआर्डिया. हा किडा नव्हेच, एका पेशीचा जीव. शाळेतली ती एक गोळी मुख्यतः गोल कृमी आणि अंकुशकृमीसाठी असते. हॉलंडच्या लेवेनहूक नावाच्या कापडवाल्यानं 1681 मध्ये स्वतःची हगवण स्वतःच्या भिंगाखाली धरून हाच बघितला होता, असं बाईंनी सांगितलं. त्याला लाज वाटली नसेल? मला तर आठ महिन्यांत पहिल्यांदा आनंद झाला. माझ्या डोक्यात नव्हतं, पोटात होतं!

औषध पाच दिवसांचं. तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव राहिली, पण पोट उतरलं. पाणी मात्र उकळूनच प्या, बायांनो. टाकीत ब्लीचिंग पडलं की झालं, हे या जिवाच्या बाबतीत खरं नाही. त्याचं कवच क्लोरीनला सहजासहजी दाद देत नाही.

2025 च्या जानेवारीत आमच्याच जिल्ह्यात, शेगावकडच्या गावांत, लोकांचे केस गळायला लागले, तेव्हा दिल्लीहून पथकं आली, पाणी, माती, रक्त सगळं गेलं तपासायला. चांगलंच झालं. पण केस दिसतात हो सगळ्यांना. आमची हगवण कोण बघायला येतं?

त्या चिखलीच्या लॅबवरून जाताना अजून वाटतं, आत जाऊन तो कागद त्या पोराच्या तोंडावर मारावा. एकदा पायरीपर्यंत गेलेही. मग कागदावर वेळ दिसली : नमुना सकाळी 9.30, ताजा. ते त्यानं नाही, मी लिहायला लावलेलं. तीन तास त्यानं ठेवली, साडेचार तास मी. तरी त्याचा राग जात नाही, तो भाग वेगळा. पण आठ महिन्यांत इतक्या जणांनी सुया टोचल्या, आणि ‘किती वाजताची’ एवढं विचारणारा तोच एक निघाला.