दोन देशांचा धबधबा

वर्गात मी नायगाराच्या धबधब्याविषयी सांगत होतो. "हा धबधबा अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांच्या सीमेवर आहे," असे म्हणताच सलमाने विचारले, "सर, आपल्याकडे असा धबधबा आहे का?"

मी हसून म्हणालो, "आहे. तोही पुणे जिल्ह्यात!"

श्रावणातल्या एका रविवारी आमची सहल निघाली. पौड आणि माले ही गावे मागे टाकून आमची एस.टी. ताम्हिणी घाटात शिरली. धो धो पाऊस पडत होता. समोरच्या कड्यावरून पांढरेशुभ्र पाणी दरीत कोसळत होते. शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नव्हते. आरिफ कड्याकडे धावला. मी त्याला मागे ओढले. खडकावर शेवाळ होते. पाय घसरला असता तर!

"पण सर, दुसरा देश कुठे आहे?" सलमाने विचारले.

मी म्हणालो, "सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठाराला मराठीत 'देश' म्हणतात. पश्चिमेला खाली कोकण. या धबधब्याचा माथा देशावर आणि पायथा कोकणात!"

"म्हणजे इथे देशाचा अर्थ मुल्क नाही!" आरिफ म्हणाला आणि सगळे हसले.

मी पुढे सांगितले, "डोंगराच्या पूर्वेला पडलेला पाऊस मुळा, भीमा, कृष्णा अशा नद्यांतून बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेला पडलेला पाऊस कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळतो."

परतताना आम्ही माले येथे चहासाठी थांबलो. तेथे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मुलांचे बोलणे ऐकून ते म्हणाले, "गुरुजी, आमच्या मुळा नदीचं पाणीसुद्धा आता कोकणात जातं, ते सांगितलंत का?"

मी गप्प झालो. मग त्यांनीच सांगितले. टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधले. ते पाणी डोंगरातून कोकणात भिरा येथे उतरवले. १९२७ मध्ये तेथे वीज तयार होऊ लागली. ती मुंबईला गेली. पण धरणात अनेक गावे बुडाली. जमिनी वाचवण्यासाठी शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी होते. या लढ्यापासूनच लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. तरीही धरण झालेच.

"माझ्या आजोबांची भातखाचरं या पाण्याखाली आहेत," म्हातारबाबा शांतपणे म्हणाले. "मुंबईत उजेड पडला, चांगलं झालं. पण कुणी आमची आठवण काढत नाही."

येताना गाणी म्हणणारी मुले जाताना गप्प होती.

दुसऱ्या दिवशी मी सहलीवर निबंध लिहायला सांगितला. सर्वांनी धबधब्याचे वर्णन केले. सलमाने मात्र मुंबईच्या मामूंना पत्र लिहिले होते. त्याचे शेवटचे वाक्य असे होते : "मामू, आज रात्री दिवा लावाल तेव्हा माले गावच्या बाबांची आठवण काढा."

मी त्या वहीवर शेरा लिहिला नाही. "हे पत्र पोस्टात टाक," एवढेच तिला सांगितले.