सीताफळ, बियांविना

कळसहून पुण्याकडे निघालेल्या गाडीत पुष्कळदा एक फाईल असते. डोळ्यांची, गुडघ्यांची, नाहीतर हृदयाची. बारामती मागे पडते, मोरगाव आणि जेजुरी येऊन जाते, आणि पावसाळा सरत आला असेल तर सासवडच्या आसपास सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण या रस्त्याने जाणाऱ्यांच्या मनात सीताफळाचा मान तसूभरही कमी नाही. तुमच्या शेजारी बसलेली आई किंवा सासरे त्या पाट्यांकडे पाहतात आणि काही बोलत नाहीत. तुम्ही समजता, आता त्यांना आवड उरली नाही.

आवड बहुधा असतेच. सीताफळ हे दात, जीभ आणि बोटे यांनी मिळून करायचे काम आहे. कवळी बसली, हाताला कंप सुटला, नजर मंदावली, की प्रत्येक घासातली बी ही धास्ती होऊन बसते. पेरूच्या बिया कवळीखाली रुततात. शहाळ्यातली मलई खरवडून काढायला मनगटात जोर लागतो. कुणीही मनाई केलेली नसताना एकेक फळ ताटातून निघून जाते आणि वृद्ध माणूस त्याबद्दल तक्रार करीत नाही, कारण चारचौघांत बी थुंकण्याचा संकोच त्याला अधिक वाटतो.

म्हणून परतण्याआधी, दवाखान्याचे काम आटोपल्यावर, पुण्यात फळांचे आइस्क्रीम मिळणाऱ्या एखाद्या दुकानात अर्धा तास काढा, असे मी सुचवते.

या प्रकारच्या दुकानांची वाट बरीचशी मुंबईतल्या जुहूने घालून दिली. कर्नाटकातल्या एका फळविक्रेत्याचे पुत्र रघुनंदन कामत यांनी १९८४ मध्ये तेथे ‘नॅचरल’ हे छोटे दुकान काढले. सुरुवातीला ते पावभाजीही विकत. तिखट खाल्लेल्या गिऱ्हाइकाला पुढे गार काहीतरी हवेच असते. व्हॅनिला आणि पिस्त्याच्या त्या काळात त्यांनी सीताफळ, पुढे शहाळे, फणस, जांभूळ अशी घरची फळे दुधात गोठवली. मे २०२४ मध्ये कामत यांचे निधन झाले, पण सीताफळाचे आइस्क्रीम आज कुणाला नवलाचे वाटत नाही. नवलच हवे असेल तर गिरगाव चौपाटीसमोरच्या ‘बॅचलर्स’मध्ये हिरव्या मिरचीचे आइस्क्रीम मिळते, ते नातवंडांसाठी राहू द्यावे. आपल्याला जे हवे ते अगदी साधे आहे : बिया दुसऱ्या कुणीतरी काढलेल्या असाव्यात.

दुकान निवडताना चवींच्या फलकाआधी खुर्च्या पाहा. बऱ्याच ठिकाणी उभ्यानेच खाण्याची रीत असते. पाठ टेकेल अशी एक खुर्ची मागून घ्या. सहसा कुणी नाही म्हणत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी गर्दी नसते. बहुतेक दुकानांत चाखायला छोटा चमचा देतात. तो आईच्या हातात द्या आणि निवड तिलाच करू द्या. औषधे, पथ्य, तपासण्या, सगळे इतरांनी ठरवलेले असते; एवढे एक तरी तिचे असू दे.

कप पुढ्यात आल्यावर पाचेक मिनिटे थांबा. गारठ्यात फळाचा गंध कोंडलेला राहतो, आणि वयाबरोबर घ्राणशक्ती आधीच मंदावलेली असते. थोडे सैल झालेले आइस्क्रीम अधिक सुवासिक लागते आणि उघड्या पडलेल्या दातांच्या मुळांना झिणझिण्याही कमी येतात.

आता साखरेविषयी. थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून आइस्क्रीममध्ये साखर हात राखून घालत नाहीत. साठ-सत्तर ग्रॅमच्या एका गोळ्यात साधारण पंधरा ग्रॅम शर्करा धरावी, म्हणजे तीन-चार लहान चमचे. मधुमेह आटोक्यात असेल तर जेवणातली पोळी किंवा भात त्या बेताने कमी करून एक छोटा कप दोघांत घेता येतो. मात्र आपल्या डॉक्टरांना आधी विचारलेले असावे. आइस्क्रीम खायचे म्हणून जेवण टाळू नये आणि इन्सुलिनची मात्रा मनाने वाढवू तर मुळीच नये. ‘शुगर-फ्री’ पाटीवर विसंबू नका : दुधाची व फळाची साखर त्यात असतेच, आणि काही गोडव्यांनी वृद्धांचे पोट बिघडते.

एका बाबतीत मात्र मी सूट देणार नाही. पक्षाघातानंतर, पार्किन्सनमध्ये किंवा स्मृतिभ्रंशात ज्यांना पाणी पिताना ठसका लागतो, ज्यांना पातळ पदार्थ दाट करून देण्यास सांगितले आहे, त्यांना आइस्क्रीम देऊ नका. चमच्यात ते घट्ट दिसते, पण तोंडात त्याचे पाणी होते आणि ते श्वासनलिकेत उतरू शकते. अशांसाठी काय चालेल, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना विचारावे.

परतीच्या वाटेवर पॉट आइस्क्रीमची गाडी दिसली तर थांबायला हरकत नाही. लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ, मधोमध दुधाचे भांडे. मिठामुळे बर्फाचे तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते आणि दूध गोठते. फक्त भांड्याचे झाकण, वाढणाऱ्याचे हात आणि बाहेरचा खारा बर्फ आत पडत नाही ना, हे पाहून घ्या. घरी न्यायला मात्र डबा बांधून घेऊ नका. कळसपर्यंत तो वितळणार, आणि वितळलेले पुन्हा गोठवून वृद्धांना देणे धोक्याचे.

ज्यांना प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी येताना पाटीभर सीताफळे घ्या. पिकली की स्वच्छ हातांनी गर चाळणीवर घासून बिया वेगळ्या करा. मिक्सर लावू नका, बिया दळल्या जाता कामा नयेत. दूध आटवून पूर्ण गार होऊ द्या, मग त्यात गर मिसळा, वेगळी साखर घालू नका आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा. वाटी समोर ठेवताना ‘यात बी नाही’ एवढे आवर्जून सांगा.